मातीची पाने
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या जिल्ह्यातील तेर या गावी संतश्रेष्ठ गोरोबाकाकांनी माती तुडविता तुडविता विठ्ठलाचे नाम घेतले व जेथे आज त्यांची समाधी आहे, त्या धाराशिव जिल्ह्यात, आणि तेही आपल्या कुंभार समाजापुढे, मातीविषयी बोलावयास उभे राहणे हे धाष्टर्य आहे याची मला जाणीव आहे. माती तुमच्या हातांना कळते. मी रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक; माझ्या हाताला चाकापेक्षा खडूच अधिक परिचयाचा. परंतु चिटणिसांचा आग्रह पडला की, “गुरुजी, तुम्ही शिकलात ते आमच्या मातीशी जोडून सांगा.” म्हणून आजचा विषय निवडला आहे तो असा : मातीची पाने, आणि त्या पानांमध्ये शिरणारे ‘आयनिक द्रव’ नावाचे नवे क्षार. नाव ऐकून कोणी घाबरू नये. प्रारंभ आपल्या घरातूनच करतो.

मी हायस्कुलात असतानाची गोष्ट. माझे वडील तळ्याचा गाळ आणून मडकी घडवीत. त्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि तळे संक्रांत जवळ आली तरी काठोकाठ भरलेले राहिले. सुगड्यांची मागणी डोक्यावर, आणि गाळ पाण्याखाली. मी वर्गात नुकतेच वाचले होते की चिकणमाती ही अमुक मूलद्रव्यांची बनलेली असते, तेव्हा मोठ्या शहाणपणाने मी म्हणालो, “आबा, माती ती माती. शेजारच्या काळ्या रानातली चिकण काय वाईट आहे?” आबांना ते पटले नव्हते, पण शिकणाऱ्या मुलाचा शब्द मोडवेना. काळी आणली, तुडविली. चाकावर ती लोण्यासारखी उठली. मी मनातून फुशारलो. आणि मग सावलीत सुकताना, आवा पेटविण्यापूर्वीच, तीन दिवसांत सगळी सुगडी तडकली. एकही बाजारात गेले नाही. आबांनी मला एक शब्दही रागाचा बोलला नाही. एवढेच म्हणाले, “बाळ, काळी पाणी पिताना फुगते अन् देताना रुसते. तिला मडके होणे मानवत नाही.” त्या संक्रांतीला घरात जी ओढ लागली, ती मी विसरलो नाही, आणि काळी रुसते म्हणजे नेमके काय करते, हा प्रश्नही मला आयुष्यभर सोडून गेला नाही. आजचे व्याख्यान म्हणजे आबांना द्यावयाचे राहून गेलेले उत्तर होय.

काळ्या मातीचा जन्म आपल्या पायांखालच्या खडकातून झाला. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले व त्यांचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, झाला. हा पाषाण ऊन, पाऊस व काळ यांच्या माऱ्याने कुजत कुजत जी माती झाली, तिच्यात ‘स्मेक्टाइट’ गटातील मृत्तिका-खनिजे विपुल असतात. त्या गटातील सुप्रसिद्ध खनिज म्हणजे माँटमोरिलोनाइट. फ्रान्समधील माँमोरियाँ नावाच्या गावावरून त्याला हे नाव पडले. खनिज एकच, तेथे ते एका गावाच्या नावाने प्रसिद्ध झाले, आपल्याकडे त्याने साऱ्या पठारालाच काळी पांघरली.

या खनिजाचा कण म्हणजे एक पोथी समजा. तिची पाने कागदाहून लक्षपट पातळ. एका पानाची जाडी सुमारे १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. प्रत्येक पान तीन पदरांचे : वर व खाली वाळूच्या जातीचा, म्हणजे सिलिका-प्राणवायूचा पदर, आणि मध्ये ॲल्युमिनियमचा. अशी पाने एकावर एक रचलेली असतात, पण शिवलेली नसतात. म्हणूनच त्यांच्यामध्ये पाणी शिरू शकते. कोरड्या अवस्थेत एका पानाच्या तळापासून दुसऱ्या पानाच्या तळापर्यंतचे अंतर सुमारे १ नॅनोमीटर असते. पाण्याचा एक थर शिरला की ते सुमारे १.२५ होते, दुसरा शिरला की सुमारे १.५. क्ष-किरणांच्या साहाय्याने हे अंतर मोजता येते. म्हणजे काळी ‘फुगते’ हा आबांचा शब्द अलंकारिक नव्हता. तिची पोथी खरोखरच उघडते, आणि सुकताना पाणी निघून गेले की पाने मिटतात व सगळा गोळा आवळतो. बाहेरची बाजू आधी सुकते, आतली मागून; दोन्हींची ओढाताण होते आणि सुगड तडकते. आपण मातीत वाळू, राख किंवा लीद का मिसळतो, याचेही उत्तर येथेच आहे. वाळू आवळत नाही, आणि पाण्याला बाहेर पडावयास वाट मिळते. हे आपल्या पूर्वजांनी क्ष-किरणांविना जाणले होते.

या पानांचे क्षेत्रफळ किती असावे? एक ग्रॅम शुद्ध माँटमोरिलोनाइटची सर्व पाने उलगडली तर त्यांच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे ७५० चौरस मीटर भरतील. आपल्या भाषेत सांगावयाचे तर सात गुंठ्यांहून अधिक! साडेपाच ग्रॅमभर माती, म्हणजे जेमतेम चमचाभर. पण तिच्या पानांवर एक एकर रान मावते. ज्याला आपण ‘मूठभर माती’ म्हणून तुच्छ लेखतो, त्या मुठीत केवढी भूमी दडलेली आहे!

आता मर्माची गोष्ट. या पानांवर ऋण विद्युद्भार असतो. पानाच्या मधल्या पदरात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम येऊन बसलेले असते. ॲल्युमिनियमचे तीन धनभार, मॅग्नेशियमचे दोनच. त्यामुळे हिशेबात धनभाराची तूट पडते. ही तूट भरून काढण्यासाठी दोन पानांमधल्या फटीत धनभारित कण, ज्यांना शास्त्रात ‘धनायन’ म्हणतात, येऊन राहतात : सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि त्यांचे भाईबंद. पाने ही घरमालकीण, आणि धनायन हे तिचे भाडेकरू. हे भाडेकरू बदलता येतात. पण एक निघाल्याशिवाय दुसऱ्याला जागा नाही, आणि हिशेब भाराचा असल्यामुळे एका कॅल्शियमच्या जागी दोन सोडियम लागतात.

हा व्यवहार प्रथम शेतातच उमगला. इंग्लंडमधील एक शेतकरी जमीनदार एच. एस. थॉम्पसन यांनी १८४५ च्या सुमारास अमोनियम सल्फेटचे पाणी मातीतून गाळून पाहिले, तो खालून अमोनियम न निघता कॅल्शियमचा क्षार निघाला. पुढे जे. टी. वे या रसायनशास्त्रज्ञाने १८५० पासून त्याची व्यवस्थित छाननी केली. मातीने अमोनियम धरून ठेवले होते व त्याच्या मोबदल्यात कॅल्शियम सोडले होते. आज आपला शेतकरी रानात खत टाकतो, त्यातील अमोनियम पावसाच्या पहिल्या सरीने वाहून जात नाही, याचे श्रेय या पानांना आहे.

परंतु भाडेकरू बदलला की घराचा स्वभावही बदलतो. फटीत कॅल्शियम असेल तर पाने पाणी पिऊनही एका मर्यादेपर्यंतच उघडतात. सोडियम असेल तर गोड्या पाण्यात ती एकमेकांपासून पार सुटून जातात. जेथे पाणी मुरत नाही, वाफसा येत नाही, पाऊस पडला की चिखल आणि ऊन पडले की दगड, ती चोपण जमीन म्हणजे सोडियमने भरलेल्या पानांची जमीन. तिला जिप्सम द्यावयाचे ते याचसाठी : जिप्समधील कॅल्शियम आत शिरते व सोडियमला बाहेर काढते. मग ते निचऱ्याच्या पाण्याबरोबर जाते. माती तीच, पाहुणा बदलला आणि रान पुन्हा पिकाचे झाले.

घरांची गोष्टही याहून वेगळी नाही. आपले पूर्वज शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणत. काळी पीक देते, पांढरी आसरा देते, असा तो भेद. आज गावे वाढली, घरे काळीत शिरली, आणि पावसाळ्यात वर उचललेल्या, उन्हाळ्यात खाली बसलेल्या पायांमुळे भिंती तडकू लागल्या. मुंबईच्या आय. आय. टी.तील प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीच्या या खोडीचा दीर्घ अभ्यास करून १९७० च्या दशकात असे दाखवून दिले की, बांधकाम आणि काळी यांच्यामध्ये न फुगणाऱ्या परंतु चिकटून राहणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर घातला तर फुगण्याचा जोर आवरता येतो. चुना मिसळणे हाही जुना उपाय. त्यातील कॅल्शियम पानांमधल्या फटीत काय करते ते आता आपणांस ठाऊक झाले आहे. घर बांधताना कंत्राटदाराला प्रथम विटेचा भाव न विचारता पायाखालची माती कोणती, हे विचारावे, एवढे सांगून पुढे जातो.

सगळीच माती अशी पाणीलोभी नसते. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात जाल तर सातवाहनकाळातील मृण्मूर्ती पाहावयास मिळतील. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात ज्या तगर नगराचा उल्लेख येतो ते हेच तेर. तेथील काही मूर्ती पांढऱ्या मातीच्या, म्हणजे केओलिनच्या आहेत. केओलिनच्या पानाला दोनच पदर असतात, त्यावर भार जवळजवळ नसतो, आणि पाने एकमेकांना अशी घट्ट धरून असतात की पाणी सहसा आत शिरत नाही. १०० ग्रॅम माँटमोरिलोनाइट ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट धनायन धरून ठेवते, केओलिन ३ ते १५ च. म्हणूनच केओलिन सुकताना फारशी आवळत नाही व साच्यातील बारीक नक्षी जशीच्या तशी राखते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने मूर्तीसाठी कोणती माती घ्यावी हे किती अचूक ओळखले होते! मी मात्र वर्गात वाचून म्हणालो होतो, “माती ती माती.”

आता नव्या पाहुण्याकडे वळतो.

मीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खडे येतात. ते वितळविण्यासाठी ८०१ अंश सेल्सियस उष्णता लागते, कारण त्यातील सोडियम व क्लोराइड हे लहान, गोल व सुबक आयन एकमेकांत गच्च बसतात. पण समजा धनायन मोठा, वेडावाकडा, शेपटी असलेला असेल, तर रचना नीट बसणार नाही, आणि क्षार थोड्याच उष्णतेने, किंबहुना घरच्या हवेतही, पाण्यासारखा वाहील. रीगा येथील पॉल वाल्डेन यांनी १९१४ साली असा एक क्षार वर्णिला : एथिल अमोनियम नायट्रेट. तो अवघ्या १२ अंशांना वितळतो. पाण्याचा थेंब न घालता वाहणारे मीठ! १०० अंशांच्या आत वितळणाऱ्या अशा क्षारांना आज ‘आयनिक द्रव’ म्हणतात. अनेक दशके ते कुतूहलाचा विषय होऊन राहिले. १९९२ साली विल्क्स व झावोरोत्को यांनी हवेत व पाण्यात टिकणारे इमिडॅझोलियम जातीचे द्रव तयार केले आणि मग जगभर त्यांचा अभ्यास सुरू झाला. ते सहसा उडून जात नाहीत, बहुतेक चटकन पेट घेत नाहीत, आणि अनेक पदार्थ विरघळवितात.

हा द्रव आणि मातीची पाने एकत्र आली की काय होते? श्रोते हो, तुम्ही आता स्वतःच सांगू शकाल. द्रवातील मोठा धनायन पानांच्या फटीत शिरतो आणि जुन्या सोडियमला बाहेर काढतो. बाहेर पडलेला सोडियम द्रवातील ऋणायनाचा हात धरून निघून जातो. द्रव फार जादा असेल तर धनायन व ऋणायन यांच्या जोड्याही आत शिरताना दिसतात. परंतु मुख्य व्यवहार अदलाबदलीचाच. १८५० साली वे यांनी जो पाहिला तोच. भाडेकरू तेवढा नवा.

तथापि हा भाडेकरू विलक्षण आहे. इमिडॅझोलियमचा देह म्हणजे पाच अणूंचे चपटे कडे. शेपटी आखूड असेल तर तो पानांमध्ये कागदासारखा आडवा पडतो व पानांचे अंतर सुमारे १.३ ते १.४ नॅनोमीटर होते. शेपटी सोळा कर्बाणूंएवढी लांब असेल तर पाने आणखी दूर जातात. पाण्याला पूर्वीसारखी जागा उरत नाही, शेपट्यांना पाण्याचा तिटकारा असतो, आणि जी काळी पाण्यासाठी आसुसलेली असे तीच पाण्याकडे पाठ फिरवून तेलाशी सख्य करते. सोडियम गेला, नवा पाहुणा आला, आणि स्वभाव उलटा झाला.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. तेलविहिरी खणताना वाटेत फुगणारी माती लागली की विहिरीच्या भिंती ढासळतात. तेथे पूर्वीपासून पोटॅशियम क्लोराइडचे पाणी वापरतात, आणि आता थोड्याशा आयनिक द्रवाने फुगणे रोखता येते असे प्रयोगशाळांतून दिसून आले आहे. दुसरा उपयोग प्लॅस्टिकमध्ये. जपानमधील टोयोटाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात नायलॉनमध्ये थोडी संस्कारित मृत्तिका मिसळून तो अधिक बळकट करून दाखविला. पण त्या मृत्तिकेत घातलेले नेहमीचे अमोनियम जातीचे क्षार सुमारे २०० अंशांपुढे मोडू लागतात. अमेरिकेतील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००२ साली दाखविले की, त्यांच्या जागी इमिडॅझोलियम घातले तर मृत्तिका बरीच अधिक उष्णता सोसते. केओलिनच्या मिटलेल्या पोथीत तर द्रव सरळ शिरतही नाही. कॅनडातील ओटावा विद्यापीठात संशोधकांनी आधी दुसऱ्या द्रवाने तिची पाने सैल केली आणि मग त्यांत आयनिक क्षार बसविला. आपणही कडक गोळा एकदम चाकावर ठेवीत नाही. आधी भिजवितो, मळतो. त्यातलाच हा प्रकार.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य समजतो. हे द्रव हवेत उडत नाहीत म्हणून त्यांना ‘निर्मळ’, ‘हरित’ अशी बिरुदे लावण्यात आली. हवेपुरते ते खरेही आहे. परंतु लांब शेपटीचे इमिडॅझोलियम पाण्यातील जीवांना घातक ठरतात आणि सहजी कुजत नाहीत, असे अभ्यासांत आढळले आहे. असा क्षार सांडपाण्यातून रानात आला तर आपली काळी त्याला घट्ट धरून ठेवील. तो लगेच विहिरीत उतरणार नाही हा तिचा उपकार. पण तो तिच्याच पानांत दडून राहील हा तिचा भोग. जो पाहुणा सहजासहजी घराबाहेर पडत नाही, त्याला उंबरठ्यापाशीच पारखून घ्यावे लागते. ही गोष्ट या नव्या क्षारांपुरतीच नव्हे. आपण रानात, तळ्यात, विहिरीशेजारी जे जे ओततो, त्यातले पुष्कळसे माती लिहून ठेवते. पोथी तिचीच आहे. अक्षर मात्र आपले.

बंधुभगिनींनो, शेवटी दोन शब्द आपल्या घरातल्या मुलामुलींसाठी.

आपल्या धंद्याची आजची स्थिती मी वर्णन करावयास नको. प्लॅस्टिक आले, स्टील आले, चाके थांबली. पुष्कळ घरांत असे बोलले जाते की, “आमच्या मुलाने मातीत हात घालू नये.” मी त्या आईबापांच्या कष्टांना नमस्कार करतो, त्यांचे म्हणणे मला कळते. पण आजच मी तुम्हांला सांगितले की, जगातील मोठमोठ्या प्रयोगशाळांत विद्वान माणसे मातीतच हात घालून बसली आहेत. ते जे विचारतात, की ही माती किती पाणी पिते, काय मिसळले असता ती तडकत नाही, उष्णतेत कोठवर टिकते, ते प्रश्न आपल्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या विचारले गेले. त्यांच्यापाशी यंत्रे आहेत, आपल्यापाशी बोटे आहेत. या दोहोंचा मेळ ज्या मुलाच्या वा मुलीच्या ठिकाणी होईल, ते मूल मृत्तिकाशास्त्रात कोणाच्याही मागे राहणार नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात मातीचे शास्त्र शिकता येते. नागपुरात भारत सरकारची मृद-सर्वेक्षण संस्था आहे. दारे बंद नाहीत. रसायनशास्त्राचा वर्ग म्हणजे धंद्यापासून पळून जाण्याची वाट, असे न समजता, तो आपल्याच आव्याचा दुसरा दरवाजा आहे असे समजा.

आणि शिकून आल्यावर माझ्यासारखी चूक करू नका. पुस्तकातले एक वाक्य वाचून बापाच्या चाळीस वर्षांच्या हाताला शिकवावयास गेलो, त्याची किंमत घराने एका संक्रांतीने मोजली. पुस्तक खोटे नव्हते. मी ते अर्धे वाचले होते. उरलेले अर्धे आबांच्या बोटांत होते.

पुढे मी पदवी घेऊन परतलो तेव्हा आबा थकले होते. त्यांना मी वहीच्या पानांत पाणी कसे शिरते ते दाखवून म्हणालो, “आबा, काळी रुसते ती अशी.” त्यांनी वही हातात घेतली, भिजलेली पाने बोटांनी चाचपली आणि म्हणाले, “मला पाने ठाऊक नव्हती; पण ती मिटताना बोटाला कळत होती.”

माझे अभ्यासलेले शास्त्र त्या वाक्यापुढे फार मोठे नाही. गोरोबाकाकांच्या चरणी मस्तक ठेवून आपली रजा घेतो.